कार्ड बदललं, उस्ताद

प्रिय उस्ताद,

मायन्यावरच सकाळ गेली. आधी 'चि. सूनबाई' लिहिलं आणि कागद बाजूला सारला. कोर्टाचा कागद आल्यावर मला तसं लिहिता येतं की नाही, हे कुणाला विचारायचं? मग तुझं नुसतं नाव लिहून पाहिलं, तर शिलाईचं बिल पाठवतोय असं वाटायला लागलं. शेवटी गेममध्ये तू स्वतःला जे नाव घेतलं होतंस तेच बरं वाटलं. पुढच्या ट्रकवर तू उस्ताद, मागच्या ट्रकवर मी मास्तर. ते नाव काही कोर्टाने काढून घेतलेलं नाही. आता फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल, तर ते शेवटी सांगतो. म्हाताऱ्या माणसाला आधी इकडचं तिकडचं बोलू द्यावं लागतं, हे तुला नव्याने सांगायला नको.

तू कशी आहेस? लॅबमध्ये कवळीचे पुढचे दात बसवायचं काम अजून तुझ्याकडेच आहे ना? हसल्यावर दिसतात ते दात बसवायला हात हलका लागतो, असं तू सांगायचीस आणि मी म्हणायचो, कॉलरचंही तसंच आहे. तुझ्या सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच आहेत. 'सासूबाई' हे मात्र मी खोडणार नाही, तिला विचारूनच लिहिलंय. माझ्या हाताच्या थरथरीचं म्हणशील तर अक्षर बघून कळलंच असेल. डॉक्टर म्हणतात, वाढली नाही हेच पुष्कळ. डॉक्टरांचं पुष्कळ आणि आपलं पुष्कळ यात बराच फरक असतो, पण ते जाऊ दे.

मुख्य बातमी अशी, की आपल्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदललं. हो, मी बदललं. हसू नकोस. ज्या हातांना आता सुईत दोरा ओवता येत नाही त्यांनी एवढ्याशा खाचेत कार्ड बसवलं, म्हणजे ते अगदीच टाकाऊ झालेले नाहीत. तूच म्हणाली होतीस ना, की कार्ड जुनं झालंय, गेमची नवी आवृत्ती त्याला झेपत नाही, म्हणून माझ्याकडे चित्र अडकतं आणि तुझी गाडी पुढून नाहीशी होते. कार्ड बदललं की पुन्हा रविवारी निघू, असंही म्हणालीस. मी तेवढं एक मनात धरून बसलो होतो. धरायला दुसरं काही नव्हतंच.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण घरात आता हे कुणापाशी बोलायची सोय नाही. दुकान बंद केलं तेव्हा मी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागलो होतो. जन्मभर लोकांच्या खांद्यांना टेप लावणारा शिंपी एकदम रिकामा झाला की काय करणार? येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पँटच्या उंचीला नावं ठेवायचो. ही वैतागली होती. चिरंजीव म्हणायचे, बाबा, फिरायला जात जा. एका रविवारी जेवणं झाल्यावर तू माझी खुर्ची खिडकीपासून सरळ ओढत नेलीस आणि तुझ्या त्या काळ्या डब्यासमोर आणून लावलीस, मी तिच्यात बसलेलो असताना! पडद्यावर एक भलामोठा ट्रक, लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. मी विचारलं, यात मारामारी कुठे आहे? तू म्हणालीस, मारामारी नाही बाबा, माल पोचवायचा असतो, वेळेत आणि कुठे न आपटता. मला ते लगेच पटलं. दुकानात मी तरी दुसरं काय करत होतो? मग तू पायाखाली पायडल सरकवलंस आणि मी पाय ठेवल्याबरोबर ओरडलीस, की बाबा, तुमचा पाय तर आधीच मुरलेला आहे. मुरलेलाच असणार, शिलाई मशीनवर झिजलेला पाय तो.

पुढे तू मला तुझा कॉम्प्युटर देऊन टाकलास आणि स्वतः लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसायला लागलीस. मधे एक भिंत आणि दोघांच्या कानाला हेडफोन. ही म्हणायची, अहो, एका घरात राहता, जरा मोठ्याने बोललात तरी ऐकू येईल, त्यासाठी यंत्रं कशाला? पण आपल्याला ते यंत्रच हवं होतं. तू पुढे, मी मागे. चढावर तू आधीच सांगायचीस, बाबा, गिअर कमी करा, पुढे वळण अवघड आहे. मी तुझ्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून चालवायचो. माल कुठे पोचवायचा हे मला बहुतेक वेळा ठाऊकही नसायचं. चिरंजीव दारातून डोकावून जायचे आणि मान हलवायचे. तुमच्या दोघांत काय बिनसलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. कोण चुकलं ते मी तेव्हाही ठरवलं नाही आणि आजही ठरवत नाही. तो माझा मुलगा आहे. तू माझी कोण आहेस हे मला नीट सांगता येत नाही, पण रविवारची दुपार आली की कळतं.

तू गेलीस त्या दिवशी चिरंजीव म्हणाले, तुझा कॉम्प्युटरही घेऊन जा, तुझ्या पगारातून घेतलेला आहे. आणि तू म्हणालीस, राहू दे, बाबांना लागतो. ही आत जाऊन नळ सोडून उभी राहिली, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी दारात होतो. माझ्या तोंडून काय निघालं, तर सावकाश जा. जणू तू कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली होतीस! मला वाटलं, झालं, संपलं. आणि त्यानंतरच्या रविवारी मी सवयीने डबा चालू केला, तर तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका, म्हणजे तू गेममध्ये आलेली. कानात तुझा आवाज आला, चला बाबा, निघायचं ना? तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की कोर्ट, वकील, सह्या यातलं काहीच खरं नाही असं मी धरून चाललो. कितीतरी रविवार तसे गेले. मग हळूहळू चित्र अडकायला लागलं, झाडं तुटक दिसायला लागली, आणि मधेच तुझी गाडी नाहीशी व्हायची. तू मेसेज करायचीस, बाबा, तुमच्या कार्डाला झेपत नाहीये, आज राहू दे. शेवटी म्हणालीस, कार्ड बदलेपर्यंत थांबूया, तुमच्या डोळ्यांना त्रास होतो.

तेव्हा मी जुन्या गिऱ्हाइकाकडे गेलो. बाजारातला तो कॉम्प्युटरवाला गं, ज्याच्या लग्नाचा सूट मी शिवला होता. सूट आता त्याला होत नाही, पण ओळख ठेवून आहे. त्याने आपल्या डब्याचा फोटो पाहिला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, मास्तर, हा कंपनीने जोडून विकलेला गेमिंगचा डबा, यात आपल्याला हात घालायला फार जागा नसते. मी म्हटलं, म्हणजे रेडीमेड म्हण की! मग मला सगळं समजलं. रेडीमेडशी माझं जन्माचं वाकडं. दिसायला झकपक, बाहेरून लाल-निळे दिवे, आणि आत शिवण बघावी तर जेवढ्यास तेवढी. त्याने मला जुन्या कार्डाचं माप आणायला सांगितलं. मी घरी येऊन टेप लावला आणि माप लिहिताना सवयीने बोटभर वाढवून लिहिलं. जन्मभर शिवणीसाठी माया धरून कापड बेतलं, हात आपोआप तसंच लिहून जातो. कार्ड आलं ते त्या वाढीव मापाचं. डब्यात घालायला गेलो तर समोर डिस्क ठेवायचा पत्र्याचा खण आडवा. कापड असतं तर दुमडून आत घातलं असतं. कार्डही ऐकेना आणि पत्राही ऐकेना. परत न्यायला गेलो तेव्हा कॉम्प्युटरवाला पोट धरून हसला.

दुसरं कार्ड आकाराने बसलं, पण त्याला विजेची वेगळी वायर लागते आणि आपल्या डब्यातल्या पॉवर सप्लायमधून तशी वायर निघतच नाही. बरं, पॉवर सप्लाय बदलावा, तर तो कंपनीने खास स्वतःच्या आकाराचा केलेला, बाजारातला दुसरा त्या जागी बसत नाही. म्हणजे उसवून सैल करायची सोयच ठेवलेली नाही. शेवटी असं एक बुटकं कार्ड मिळालं की जे खाचेतूनच वीज घेतं आणि तरी जुन्यापेक्षा बरंच ताकदीचं आहे. ते पुड्यात बांधता बांधता कॉम्प्युटरवाल्याने विचारलं, मास्तर, तुमचा नेमका त्रास काय आहे? मी सांगितलं, चित्र अडकतं आणि पुढची गाडी नाहीशी होते. तो म्हणाला, चित्राचं बरोबर आहे, पण दुसऱ्याची गाडी नाहीशी होणं हे काही कार्डाचं काम नाही. मी त्याला गप्प केलं. म्हटलं, जिने मला सांगितलं तिला यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

कार्ड बसवायचं काम मात्र मीच करणार असं सांगितलं. जेवणाच्या टेबलावर सुती चादर अंथरली, डबा आडवा केला. कुठली वायर कुठली हे विसरू नये म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. ही टॉर्च धरून उभी होती, आणि गुडघे दुखत असून एकदाही बसते म्हणाली नाही. जुनं कार्ड काही केल्या सुटेना. खाचेच्या टोकाला एक छोटी कडी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. मी आपला नुसताच ओढतोय. ती कडी हिला दिसली. म्हणाली, अहो, आधी हूक काढा, मग ओढा, इतकी वर्षं शिंपी म्हणून काय केलंत? मग कार्ड सुटलं. नवं खाचेवर धरलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं आणि टकदिशी आवाज झाला. हिने टॉर्च तशीच धरून हळूच विचारलं, आता ती येईल ना? तू गेल्यापासून तिच्या तोंडून तुझा विषय मी ऐकला नव्हता. मी म्हटलं, येईल की, कार्डाचंच तर अडलं होतं.

सगळं जोडून बटण दाबलं तर पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाकुट्ट! कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, पडद्याची वायर वरच्या भोकात घातलीत की खालच्या? वरचं मदरबोर्डाचं असतं, कार्डाचं खाली. मी ती वरच घातली होती, म्हणजे नव्या पाहुण्याला बोलावून दारातच उभं केलं होतं. वायर खाली घातली आणि चित्र आलं. मग तो म्हणाला, आता कार्डाचा ड्रायव्हर घाला. मी म्हटलं, ड्रायव्हर मी आहे की इथे! तेही झालं. आणि उस्ताद, काय चित्र आहे म्हणून सांगू! झाडाला पानं आहेत. लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतात. आणि ट्रकच्या सीटवर शिवण दिसते, दुहेरी टीप, अगदी सरळ. इतके दिवस मी त्या सीटवर बसून चालवत होतो आणि मला ती सीट कातडी आहे की कापडी तेसुद्धा कळत नव्हतं. तुला ती टीप दाखवायची म्हणून मी एकदा गाडी रस्त्याच्या कडेला लावून सीटच बघत बसलो.

रविवार आला. तुला आधी कळवलं नव्हतं, म्हटलं गंमत करू. तू म्हणशील, बाबा, आज तुमच्याकडे चित्र अडकत नाहीये? आणि मी म्हणेन, कसलं चित्र आणि कसलं अडकणं? वाक्य घोकून ठेवलं होतं. ही स्टूल घेऊन शेजारी येऊन बसली. तिने केस नीट केले होते. नुसता आवाज ऐकायला केस कशाला नीट करायचे, हे मी तिला विचारलं नाही. हेडफोनचा एक कान तिच्याकडे वळवला. तुझ्या नावापुढे ठिपका हिरवा होता. मी आत शिरलो. माझं नाव तुझ्या पडद्यावर उमटलं असेल नसेल, तेवढ्यात तुझा ठिपका राखाडी झाला. काही अडकलं नाही, काही थरथरलं नाही. हिरवा होता आणि राखाडी झाला. ही म्हणाली, वीज गेली असेल तिच्याकडे. मी म्हटलं, असेल. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, हेडफोनचा एकेक कान धरून.

पुढच्या रविवारी तेच. म्हटलं, लॅबमधून बोलावणं आलं असेल. त्याच्या पुढच्या रविवारी मी मुद्दाम उशीर केला, तुझी गाडी रस्त्याला लागली असेल अशा बेताने आलो. ठिपका हिरवा होता, मी आलो आणि गेला. चिरंजीव मागे येऊन उभे होते ते मला कळलं नव्हतं. त्याने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, बाबा, ती बंद करून जात नाही. आपण कुणाला दिसू नये अशी सोय असते त्यात. मी म्हटलं, कार्डाचं काहीतरी असेल. तो म्हणाला, कार्ड फक्त आपल्या पडद्यावरचं चित्र काढतं बाबा, समोरच्या माणसाचं येणं-जाणं त्याच्या हातात नसतं. हे तो लागेल असं बोलला नाही. तरी मी त्याच्यावर खेकसलो. तो गेल्यावर डबा पुन्हा उघडला, कार्ड काढलं, खाच पुसली, पुन्हा बसवलं. टकदिशी आवाज झाला, पहिल्या वेळी झाला होता तसाच. ते आधीही नीटच बसलेलं होतं.

मला तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, एवढं काय केलं मी? भांडण तुमचं, सह्या तुमच्या, मी तर नुसता मागून गाडी चालवत होतो. आता या नव्या कार्डात आणखी एक सोय आहे, चालवलेली फेरी साठवून ठेवायची, चित्र आणि आवाज दोन्ही. तुझ्याबरोबरची फेरी राहावी म्हणून मी ती सुरू केली होती आणि बंद करायची विसरून गेलो होतो. परवा ती लावून पाहिली. पडद्यावर मी एकटाच चालवतोय, तोंडातून शब्द नाही. पण माझ्यामागे घर बोलतंय. नळ वाहतोय. ही भांड्यांशी भांडतेय. दाराची बेल वाजते. आणि आतल्या खोलीत चिरंजीव फोनवर हसताहेत, पूर्वी तुझ्याशी बोलताना हसायचे तसे. त्याचं दुसरीकडे ठरलंय, तुला कुणीतरी सांगितलं असेलच. तिचाच फोन होता. माझा माईक इतका तिखट आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

मी ती फेरी पुन्हा लावली, आणि या खेपेला माझ्या जागी तू आहेस असं समजून ऐकली. मग कळलं. ज्या घरातून तू बाहेर पडलीस ते घर दर रविवारी दुपारी मी तुझ्या कानात ओतत होतो. तुझा नळ, तुझी बेल, तुझी खोली, आणि तिथे तुझ्याशिवाय चाललेलं हसणं. हे सगळं ऐकत तू पुढे गाडी चालवत होतीस आणि वर मला सांगत होतीस, बाबा, सावकाश, घाई नाही. किती रविवार काढलेस गं तसे? आणि अगदीच सोसेना झालं तेव्हाही या घराला तू एक शब्द लावला नाहीस. म्हाताऱ्याला लागू नये म्हणून सगळा दोष एका कार्डावर ढकललास. ते जुनं कार्ड मी कापडात गुंडाळून ठेवलंय, टाकवत नाही. उस्ताद, मी खूप रडलो. हिने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, पडद्याकडे बघून डोळे चुरचुरतात.

आता पत्र कशाला ते सांगतो. फोन केला असता तर तू उचलला असतास, माझा आवाज ऐकला असतास आणि येत्या रविवारी दात आवळून आली असतीस. तू तशीच आहेस, आणि मला तेच नको आहे. पत्राला लगेच उत्तर द्यावं लागत नाही. या पत्राला तर देऊच नकोस, म्हणून, तुला पाठ असला तरी, पाकिटामागे मी आपला पत्ता लिहिलेला नाही. तुला तो गेम माझ्या आधीपासून आवडतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवून आल्यावर तुझं मन रमायची ती एक जागा, आणि तिथेही तुला माझ्यापासून लपून बसावं लागतंय, हे मला सहन होत नाही. म्हणून काल मी तुझं नाव माझ्याकडून काढून टाकलं. मशीनने विचारलं, नक्की काढायचं का? 'हो' वर दोनदा दाबावं लागलं. आता मी आलो-गेलो ते तुला दिसणार नाही आणि तू आलीस-गेलीस ते मला दिसणार नाही. तेव्हा येत्या रविवारी जेवण झालं की निवांत बस, ठिपका हिरवा ठेव आणि सगळे दिवे लावून मोठ्या रस्त्याने जा. मागे कुणी नाही.

तुझाच,
बाबा